वेशीवरचे दोन आकडे

मूर्तिजापूर जंक्शनला दोन मापांचे रूळ येऊन मिळतात. एक मुंबई–नागपूर–हावडा हा साडेपाच फुटी मोठा मार्ग. दुसरा यवतमाळहून आणि अचलपूरहून येणारा अडीच फुटी, शकुंतला नावाच्या गाडीचा. किलिक निक्सनने १९१० मध्ये काढलेल्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ही सुमारे १९० किलोमीटरची लाइन मुळात वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी होती. तिच्यावरच्या गाड्या आता थांबल्या आहेत. पण दोन मापे जिथे भेटतात तिथे छोट्या डब्यातला माल उतरवून मोठ्या डब्यात भरावाच लागतो, हे या स्टेशनाइतके क्वचितच दुसरीकडे स्पष्ट दिसत असेल. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारे डीएसएल ब्रॉडबँड याच जातीचे आहे. तारेवर धावतात ते छोटे, ठरावीक मापाचे डबे. कार्यालयातल्या संगणकांच्या जाळ्यात फिरतात ती लहानमोठी पाकिटे. मध्ये कुठेतरी उतरवणे आणि भरणे होते. ते कुठे होते आणि त्या जागी कोण उभे असते, हा या लेखाचा प्रश्न आहे.

डीएसएलची जोडणी फायरवॉलवर कशी बांधावी याबद्दल जे सांगितले जाते ते बहुधा दोन आकड्यांपाशी थांबते: व्हीपीआय शून्य, व्हीसीआय पस्तीस. आकडे टाकले, दिवा स्थिर झाला, काम संपले. माझ्या मते खरा प्रश्न दिवा स्थिर झाल्यावर सुरू होतो. डीएसएल जोडणीला तीन शेवट असतात: तार जिथे संपते तो, आभासी सर्किट, म्हणजे त्या तारेवर क्रमांकांनी आखलेली वाट, जिथे संपते तो, आणि पीपीपीचे, म्हणजे नाव-पासवर्डने उघडणारे, सत्र जिथे संपते, म्हणजे इंटरनेटचा पत्ता जिथे येऊन पडतो, तो. साध्या जोडणीत हे तिन्ही एकाच स्वस्त मोडेममध्ये एकमेकांवर बसलेले असतात, म्हणून ते वेगळे असे दिसतच नाहीत. सुरक्षा-उपकरण बसवायचे ठरले की यांतला कोणता शेवट कुणाच्या हाती द्यायचा हा पहिला निर्णय होतो, मग तो कुणी विचारपूर्वक घेतो किंवा नकळत होऊन जातो. सत्राचा शेवट राखणदाराच्याच, म्हणजे फायरवॉलच्याच, हाती हवा, याला मला अपवाद दिसत नाही. सर्किटे एकाहून अधिक असतील तर प्रत्येक सर्किट आपले वेगळेपण न गमावता राखणदारापर्यंत पोचले पाहिजे. खुद्द तार मात्र, वऱ्हाडात तरी, राखणदारापासून दूर ठेवलेली बरी.

हे आकडे इतके सर्वतोमुखी का झाले, याचे उत्तर तंत्रात कमी आणि धोरणात जास्त आहे. केंद्र सरकारचे ब्रॉडबँड धोरण ऑक्टोबर २००४ मध्ये आले. त्यात २५६ केबीपीएस हा ब्रॉडबँडचा किमान वेग ठरला. पुढे २०१३ मध्ये तो ५१२ केबीपीएस आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाला. धोरणाआधी एप्रिल २००४ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने शिफारस केली होती की एक्स्चेंजपासून घरापर्यंतची तांब्याची जोडी इतर कंपन्यांनाही वापरू द्यावी. सरकारने ती सक्तीची केली नाही. परस्पर करारावर सोडली, आणि करार फारसे झाले नाहीत. बीएसएनएलचे डेटावन १४ जानेवारी २००५ रोजी सुरू झाले. परिणाम असा, की मुंबई-पुण्यात दुसरी तार मिळण्याची शक्यता होती, पण मूर्तिजापूर, दर्यापूर, कारंजा अशा तालुक्याच्या गावी डीएसएल म्हणजे बीएसएनएल आणि बीएसएनएल म्हणजे शून्य-पस्तीस, असे समीकरण बसले. एअरटेलची जोडी एक-बत्तीस होती, पण ती जाणून घेण्याचे कारण इथे क्वचितच पडले. शकुंतलेच्या रुळांची मालकी खासगी कंपनीकडे आणि गाड्या चालवणारी सरकारी रेल्वे, अशी विभागणी या गावाने अनेक दशके पाहिली. तारेच्या बाबतीत तशी विभागणी कधी झालीच नाही. पर्याय नसला की माणूस आकडा पाठ करतो, त्याचा अर्थ विचारत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हे नुकसान छोटे नाही.

अर्थ समजून घ्यायला एटीएमच्या डब्यापाशी जावे लागते. इथे एटीएम म्हणजे पैसे काढायचे यंत्र नव्हे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस टेलिफोनच्या जगात ठरलेली डेटा वाहून नेण्याची एक पद्धत. तिच्यात प्रत्येक डबा बरोबर ५३ बाइटचा: ४८ बाइट माल, ५ बाइट चिठ्ठी. ४८ हा आकडा तडजोडीचा आहे. युरोपला ३२ हवे होते, अमेरिकेला ६४, म्हणून मधला घेतला. बोलण्याचा आवाज न अडखळता जावा यासाठी डबे छोटे ठेवले. चिठ्ठीवर पाठवणाऱ्याचा किंवा घेणाऱ्याचा पूर्ण पत्ता नसतो. असतात फक्त दोन क्रमांक, मार्गाचा व्हीपीआय आणि त्या मार्गातल्या वाहिनीचा व्हीसीआय. ग्राहकाच्या बाजूला पहिल्याला ८ बिट आणि दुसऱ्याला १६ बिट. प्रत्येक मार्गातल्या शून्य ते एकतीस या वाहिन्या यंत्रणेच्या स्वतःच्या कामांसाठी राखून ठेवलेल्या असतात. म्हणून ग्राहकाला मिळणारा क्रमांक बत्तिसापासून सुरू होतो. शून्य-पस्तीस, एक-बत्तीस हे आकडे असे आले; त्यांच्यात गूढ काही नाही. हे क्रमांक फक्त त्या एका टप्प्यापुरते खरे असतात, ग्राहक ते एक्स्चेंजमधले डीस्लॅम, म्हणजे ग्राहकांच्या तारा एकत्र करणारे यंत्र. पुढे ते बदलतात. शेजारच्या दुकानाचेही शून्य-पस्तीसच असते, कारण त्याची तांब्याची जोडी वेगळी आहे. सर्किट कायमचे म्हणायचे ते एवढ्यासाठी, की ते कुणी फोन लावून उभे करत नाही; दोन्ही टोकांना माणसाने आधीच लिहून ठेवलेले असते. दोन टोकांना लिहिलेले जुळले नाही तर मध्ये कुणी दुरुस्त करणारा नसतो. डबे येतात, ओळखले जात नाहीत, टाकून दिले जातात, आणि मोडेमवरचा डीएसएलचा दिवा मात्र शांतपणे तेवत राहतो.

आकड्यांच्या मागे आणखी एक जोड लागते, आणि बहुतेक चुका तिथेच होतात: माल डब्यात कसा भरायचा. १९९३ च्या आरएफसी १४८३ मध्ये, आणि तिची जागा घेणाऱ्या १९९९ च्या आरएफसी २६८४ मध्ये, दोन रीती दिल्या आहेत. एलएलसी रीतीत प्रत्येक पाकिटावर आत काय आहे याची खूणपट्टी लावतात. व्हीसी-मक्स रीतीत एका सर्किटावर एकाच प्रकारचा माल चालतो, म्हणून खूणपट्टी लागत नाही. त्यावर पुन्हा पीपीपी. १९९८ च्या आरएफसी २३६४ प्रमाणे ते थेट एटीएमवर चालवता येते, त्याला पीपीपीओए म्हणतात; १९९९ च्या आरएफसी २५१६ प्रमाणे मध्ये इथरनेट घालून चालवले तर पीपीपीओई. भारतात रुळले ते पीपीपीओई, एलएलसीसह. त्याची किंमत मोजता येते. १४९२ बाइटचे एक पाकीट घ्या. पीपीपीचे २, पीपीपीओईचे ६, इथरनेटचे १४, एलएलसीचे १० आणि शेवटी जोडले जाणारे ८ मिळून १५३२ होतात. ४८ च्या हिशेबाने ३२ डबे लागतात, आणि तारेवरून प्रत्यक्षात १६९६ बाइट जातात. शंभरातले जवळपास बारा बाइट निव्वळ डबे आणि चिठ्ठ्यांचे. या ३२ डब्यांतला एकही वाटेत हरवला तर अख्खे पाकीट बाद. जुनी, ओल धरलेली, सांधे सुटलेली तार असेल तर पावसाळ्यात वेग का कोसळतो, याचे अर्धे स्पष्टीकरण इथे आहे. हा हिशेब सुरक्षेच्या लेखात कशाला, असे वाटू शकेल. पण १५०० ऐवजी १४९२ ही मर्यादा ज्या उपकरणाला माहीत नाही ते मोठी पाकिटे पाठवत राहते. ती अडली की मधला राऊटर ‘पाकीट मोठे आहे’ असा आयसीएमपी निरोप परत पाठवतो, आणि पुष्कळ फायरवॉल सुरक्षेच्या नावाखाली सगळेच आयसीएमपी अडवतात. मग बँकेचे पान उघडते, पण फॉर्म भरून पाठवला की लटकतो. कंटाळून माणसे फायरवॉलच काढून टाकतात. टीसीपीच्या तुकड्याची मर्यादा १४५२ ला बांधून दिली की हा त्रास संपतो, आणि ती बांधण्याची नैसर्गिक जागा पीपीपीओई चालवणारे उपकरण हीच आहे.

सुरक्षा-उपकरणात डीएसएलचे पोर्टच बसवायचे, हा विचार या शतकाच्या पहिल्या दशकात जोरात होता. नेटस्क्रीन कंपनी २००४ मध्ये जुनिपरने घेतली; नेटस्क्रीन ५जीटीच्या एका प्रकारात एडीएसएलचे पोर्ट आतच होते, पुढे एसएसजी २० मध्ये त्यासाठी वेगळे कार्ड घालता येई. सिस्कोचा ८७७ राऊटर त्याच वर्गातला. मांडणीची भाषा प्रत्येकाची वेगळी, आशय एकच. प्रत्यक्ष पोर्टला आधी लाइनची रीत सांगायची, बहुतेकदा ती आपोआप ओळखण्यावर ठेवतात. मग त्यावर व्हीपीआय-व्हीसीआयची जोडी, भरण्याची रीत, आणि सेवेचा वर्ग: ठरलेल्या दराचा सीबीआर, बदलत्या दराचा व्हीबीआर, किंवा उरेल ते घेणारा यूबीआर. साध्या ब्रॉडबँडला यूबीआरच मिळतो. तिथे सीबीआर निवडल्याने वेग वाढत नाही. मग पोर्टला एका झोनमध्ये, म्हणजे विश्वासाच्या एका हद्दीत, टाकायचे. मग पीपीपीओईचे नाव-पासवर्ड त्याच्याशी बांधायचे. शेवटी या झोनमधून त्या झोनमध्ये काय जाऊ द्यायचे त्याचे नियम. एकाहून जास्त सर्किटे असतील तर प्रत्येकासाठी उप-पोर्ट करतात आणि त्याला स्वतःचा झोन देता येतो. मला या सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही शेवटची सोय, आणि बहुतेक मार्गदर्शिकांत तिला दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही.

सत्र राखणदाराकडेच संपावे, याचा पुरावा गेल्या दीड दशकाने भरभरून दिला आहे. ब्राझीलमध्ये २०११-१२ च्या सुमारास सुमारे ४५ लाख डीएसएल मोडेममध्ये बाहेरून शिरून त्यांचे डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी सेवा, बदलण्यात आले. माणसे ओळखीच्या बँकेचा पत्ता टाकत आणि भलत्याच पानावर पोचत. डिसेंबर २०१४ मध्ये चेक पॉइंटने रोमपेजर या मोडेममधल्या छोट्या वेब-सर्व्हरचा दोष जाहीर केला, तेव्हा १८९ देशांत मिळून एक कोटी वीस लाख उपकरणे त्याच्या कक्षेत होती. त्यातली बोचणारी गोष्ट अशी, की मूळ बनवणाऱ्याने तो दोष २००५ मध्येच दुरुस्त केला होता. दुरुस्ती घराघरांतल्या मोडेमपर्यंत नऊ वर्षांत पोचली नाही. आपल्याकडे जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांकडचे हजारो मोडेम एका हल्ल्यात निकामी झाले. कारखान्यातून आलेला पासवर्ड त्यांच्यावर तसाच होता, आणि कंपनीला ग्राहकांना तो बदलण्याचे आवाहन करावे लागले. या तिन्ही घटनांत धोका मोडेमला होता, कारण इंटरनेटचा पत्ता मोडेमवर होता. पत्ता ज्याच्या दारावर, दगड त्याच्याच दारावर पडतो. मोडेम ब्रिज रीतीत टाकला की तो फक्त डबे उतरवून पाकिटे पुढे ढकलतो; त्याला स्वतःचा बाहेरचा पत्ता उरत नाही, आणि बाहेरून त्याला हाक मारायलाच जागा राहत नाही. पत्ता पडतो फायरवॉलवर, जी दुरुस्त्या घेते, नोंदी ठेवते, आणि हल्ले सोसण्यासाठीच बनवलेली असते.

याउलट रीत सर्वत्र दिसते: मोडेम आपला राऊटर म्हणून चालू, त्याच्या मागे फायरवॉल, तिला बाहेरच्या बाजूला १९२.१६८ ने सुरू होणारा घरगुती पत्ता. मग पत्त्यांची अदलाबदल दोनदा होते. आयपीसेकच्या कुलूपबंद बोगद्याला वळसा घेऊन यूडीपी ४५०० वरून जावे लागते. सगळ्यात वाईट म्हणजे फायरवॉलच्या नोंदींत बाहेरून आलेला बराचसा ठोठावा दिसतच नाही; तो मोडेमपाशीच मुरतो. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने संस्था, कंपन्या आणि सरकारी कार्यालयांना यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायला आणि घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायला सांगितले आहे. वेशीवर काय घडले हे ज्या वहीत उतरतच नाही ती वही १८० दिवस जपून हाती काय लागणार? पतसंस्था, जिनिंगचे कार्यालय, बाजार समिती, महाविद्यालय, सगळ्यांना हे लागू पडते, आणि आकाराने लहान असल्यामुळे यातून सुटका होत नाही.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप बँकिंगच्या आणि सरकारी जाळ्यांच्या बाजूने येतो: आमचे सर्किट खासगी आहे, मुख्यालयापर्यंत ते इंटरनेटला शिवत नाही, मग त्याला फायरवॉलच्या झोनांचा कडेकोट बंदोबस्त कशाला? ‘खासगी’ या शब्दाने इथे मोठा घोटाळा केला आहे. आभासी सर्किट वेगळेपण देते, गुप्तता देत नाही. डब्याच्या चिठ्ठीवर क्रमांक असतो, कुलूप नसते. खांबावरचा उघडा डीपी, रस्त्याकडेचा पिलर, एक्स्चेंजमधली फ्रेम, इथे जो तारेपर्यंत पोचू शकतो त्याच्यापासून क्रमांकाची जोडी काही लपवत नाही. योग्य साधन हाती असले तर ती एका डब्यावरून वाचता येते. दुसरे असे, की वेगळेपण तरी तोवरच टिकते जोवर दोन्ही टोकांची मांडणी ते टिकवते. एकाच तारेवर एक सर्किट इंटरनेटचे आणि एक मुख्यालयाचे आले, आणि मोडेमने ती दोन्ही एकाच पोर्टच्या समूहात ओतली, तर एवढ्या लांबून जपलेली भिंत शेवटच्या दोन फुटांत पडते. तारेत वेगळे होते ते टेबलावर एक झाले. म्हणून सर्किटे अनेक असतील तेव्हा प्रत्येकाला फायरवॉलवर स्वतःचा झोन, त्या दोन झोनांत थेट वाट मुळीच नाही, आणि मुख्यालयाच्या सर्किटावरही आयपीसेकचे कुलूप. मोडेम बाहेर असेल तर त्याने प्रत्येक सर्किट वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे इथरनेटवरच्या क्रमांकित आभासी जाळ्यावर, किंवा वेगळ्या पोर्टवर फायरवॉलला द्यावे. जो मोडेम हे करू शकत नाही तो अशा जागी वापरू नये, मग तो कितीही नामांकित असो.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो, आणि त्याने माझे मत बदलले आहे. शुद्ध तर्काने पाहिले तर तार थेट फायरवॉलमध्ये यावी: एक उपकरण, एक मांडणी, तिन्ही शेवट एकाच्या हाती. तसे केल्याचा एक फायदा खरोखर मोठा आहे. मोडेम वेगळा असला की फायरवॉलला फक्त मोडेमपर्यंतची इथरनेटची दोरी दिसते. बाहेर तार तुटली तरी मोडेमला वीज आहे तोवर ती दोरी जिवंत दिसते, आणि पर्यायी जोडणीकडे जाण्याचा निर्णय फायरवॉल घेतच नाही. पोर्ट आत असेल तर दोष थरांनी उलगडतो: लाइन जुळली का, सर्किटावर ओएएमचा चाचणी-डबा पाठवला तर तो परत आला का, पीपीपीओईच्या पहिल्या हाकेला उत्तर आले का, नाव-पासवर्ड मान्य झाला का. या चार पायऱ्या वेगळ्या दिसल्या तर लाइनमनला बोलवायचे की मांडणी तपासायची हे पाच मिनिटांत कळते. हे सगळे खरे असूनही वऱ्हाडात मी वेगळ्या मोडेमच्या बाजूने आहे, आणि कारण आहे वीज. मृगाच्या आधीच्या आणि परतीच्या पावसात इथे जे गडगडते ते खांबाखांबावरून आलेल्या तांब्याच्या तारेतून सरळ आत उतरू शकते. त्या वाटेवर पहिले उपकरण जे असेल ते जळते. ते स्वस्त मोडेम असलेले बरे. नवा संध्याकाळपर्यंत गावातच मिळतो. डीएसएलचे कार्ड असलेली फायरवॉल जळाली तर कार्यालय बंद, नियमांची मांडणी गेली, आणि बदली उपकरण अकोल्यात तरी मिळेल का हा प्रश्न. पीपीपीओईची निवड इथे आपल्या पथ्यावर पडते: ते इथरनेटवर चालत असल्याने तार आणि सर्किट मोडेममध्ये संपवून सत्र तेवढे पुढे नेता येते. पीपीपीओए असते तर सर्किट आणि सत्र सहजी वेगळे करता आले नसते. इथरनेटच्या दोरीने होणारी फसगत टाळायला फायरवॉलने जोडणीचा जिवंतपणा दोरीवरून न ठरवता पीपीपीओईच्या अवस्थेवरून आणि बाहेरच्या एखाद्या पत्त्याच्या उत्तरावरून ठरवावा. हे एकदाच मांडायचे काम आहे, आणि ते न केल्यामुळे दुसरी जोडणी हाताशी असूनही कार्यालये ताटकळतात.

तिसरा आक्षेप: राखणदारच फितूर निघाला तर? हा काल्पनिक नाही. १७ डिसेंबर २०१५ रोजी जुनिपरने स्वतः जाहीर केले की स्क्रीनओएसमध्ये, म्हणजे नेटस्क्रीन आणि एसएसजीच्या मूळ प्रणालीत, अनधिकृत कोड सापडला आहे. एका दोषामुळे ठरावीक पासवर्डने कुणालाही प्रशासक म्हणून आत शिरता येत होते. दुसऱ्यामुळे व्हीपीएनचे कुलूप उलगडणे शक्य होते. कुंपणानेच शेत खाल्ले, असेच म्हणावे लागेल. यावरून काहींनी असा निष्कर्ष काढला की सगळे एका उपकरणात एकवटण्यापेक्षा काहीच न बसवलेले परवडले. मला तो पटत नाही. रोमपेजरचा दोष नऊ वर्षे पडून राहिला कारण मोडेमकडे पाहणारे कुणी नव्हते. स्क्रीनओएसचा दोष बनवणाऱ्यानेच शोधला, सांगितला आणि त्याच वेळी दुरुस्ती दिली. फरक दोष असण्यात नाही, दोष कळण्याच्या आणि बुजवण्याच्या वाटेत आहे. मात्र यातून एक कठोर निष्कर्ष निघतो आणि तो गैरसोयीचा आहे: ज्या उपकरणाला दुरुस्त्या येणे थांबले ते फायरवॉल राहत नाही. जुन्या बाजारातून स्वस्तात मिळणारी एसएसजी, केवळ तिच्यात डीएसएलचे कार्ड आहे म्हणून वेशीवर बसवणे, हे मी चुकीचे मानतो. तिच्यापेक्षा ब्रिज रीतीतला साधा मोडेम आणि त्यामागे नियमित दुरुस्त्या घेणारी कोणतीही चालू पिढीची फायरवॉल अधिक सुरक्षित. त्यात देशी पर्यायही आहेत.

लहान गावात हे करायला माणसे कुठे आहेत, असे म्हटले जाते. मला वाटते अडचण माणसांपेक्षा कागदाची आहे. मोडेम ब्रिजमध्ये टाकणे आणि फायरवॉलवर पीपीपीओई भरणे हे तासाभराचे काम आहे. गावात संगणक दुरुस्त करणारा कोणताही जाणता मुलगा ते शिकतो. पण बीएसएनएलचे नाव-पासवर्ड कुणाकडे आहेत, मोडेम बदलला तेव्हा कोणती रीत निवडली होती, कोणते पोर्ट कशासाठी उघडले आणि कुणी सांगितले म्हणून, हे कुठे लिहिलेले नसते. मांडणी करणारा निघून गेला की ती मांडणी त्याच्या डोक्याबरोबर जाते. आभासी सर्किट दोन टोकांना माणसाने लिहून ठेवल्यामुळेच जिवंत असते. एक टोक एक्स्चेंजमध्ये सरकारी नोंदीत आहे. दुसरे आपल्या कपाटात एका पानावर असायला हवे. जोडीचे आकडे, भरण्याची रीत, पीपीपीओईचे नाव, झोनांची नावे आणि नियम, शेवटचा बदल कोणत्या तारखेला कुणी केला. पासवर्ड त्या पानावर नको, तो वेगळ्या बंद लिफाफ्यात.

उरला तो सगळ्यात मोठा आक्षेप: तांबेच जात असताना हे सगळे कशाला? तांबे जात आहे हे खरेच. व्हीडीएसएल२ आले तेव्हाच बहुतेक ठिकाणी एटीएमचे डबे गेले. तिथे पाकिटे जवळपास तशीच तारेवर चढतात आणि व्हीपीआय-व्हीसीआय विचारले जात नाहीत. आता बीएसएनएल भारत फायबरच्या नावाने तांब्याच्या ग्राहकांना काचेच्या तंतूवर नेत आहे, आणि भारतनेटने तंतू ग्रामपंचायतींपर्यंत न्यायचे ठरवले आहे. पण प्रश्न जसाच्या तसा त्या तंतूवरून आत येतो. जीपॉन या फायबरच्या पद्धतीत एकाच तंतूवर अनेक ग्राहक असतात, आणि त्यांचा माल वेगळा ठेवायला जेम-पोर्ट नावाच्या आभासी वाहिन्या असतात. त्यावर व्हीलॅनचे १२ बिटांचे क्रमांक. चिठ्ठी बदलली, चिठ्ठीची पद्धत तीच. मोडेमच्या जागी ओएनटी आली, आणि ती पुन्हा राऊटर म्हणूनच बसवली जाते. पत्ता पुन्हा तिच्यावरच पडतो. एक फरक उपयोगाचा आहे: काच वीज वाहून आणत नाही, त्यामुळे तारेतून येणाऱ्या विजेची जी भीती मला डीएसएलमध्ये निर्णायक वाटली ती इथे उरत नाही. दुसरा फरक आपल्या विरुद्ध जातो. बीएसएनएलचे शून्य-पस्तीस देशभर एकच होते, म्हणून ते कुणालाही सांगता येत होते. फायबरवर व्हीलॅनचा क्रमांक एक्स्चेंजप्रमाणे बदलतो, आणि जोडणी करून देणारा तो ओएनटीत भरून निघून जातो. ग्राहकाला तो माहीत नसेल तर ओएनटी ब्रिजमध्ये टाकून सत्र फायरवॉलवर आणणे त्याच्या हातात उरत नाही. म्हणून जोडणीचा माणूस शिडी उतरवून निघायच्या आधी त्याच्याकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: व्हीलॅनचा क्रमांक, पीपीपीओईचे नाव, आणि ओएनटी ब्रिज रीतीत चालवण्याची परवानगी तिच्यात उघडी ठेवली आहे की नाही.